तात्या, आज बंब पेटवू का?

तू गेलास की थंडी पडेल, असं मला उगाच वाटलं होतं. पडली नाही. पौष निम्मा सरला तरी खरवईत दुपारी पंखा एकवर लावावा लागतो. सकाळी अंगणात उभं राहिलं तर थंडी आहे असं म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. म्हणजे नेमकं तुझं हवामान, ज्यात तू रोज उठून अख्ख्या घराला कामाला लावायचास.

मला असं लिहायची सवय नाही. परीक्षेत उत्तरं लिहिते तेवढंच. पण घरात आत्ता कुणाशी बोलावं ते कळत नाही. प्रत्येक जण तुझ्याबद्दलच बोलतोय, आणि मला तुझ्याबद्दल नाही, तुझ्याशी बोलायचंय. कॉलेजातल्या मैत्रिणी त्यांच्या काकांना ‘तुम्ही’ म्हणतात. आपल्या घरात ते कुणालाच कधी जमलं नाही. आता तर मी ते मुद्दाम शिकणारच नाही.

आधी बंबाचं सांगते. तू गेल्यापासून परवापर्यंत तो मागच्या अंगणात, मोरीच्या भिंतीला, गार पडून होता. त्याची तांब्याची कड आईने चिंचेने घासून ठेवली होती, तशीच होती. आपल्या भावकीत दहावं होईपर्यंत घरात चूल पेटत नाही, हे तुला माहीतच आहे. गॅससुद्धा चूलच. चहा शेजारून थर्मासमधून येतो, भात-आमटीची पातेली रोज वेगळ्या घरातून येतात. पहिल्याच सकाळी आईने नेहमीच्या सवयीने बंबात नारळाच्या शेंड्या टाकायला घेतल्या, तेव्हा आत्या ओट्यावरूनच म्हणाली की बंबही नको. आग ती आग. आई मागे आली.

आत्या कुळगावहून आल्यापासून घर तिच्याच शब्दावर चाललंय. मला तिचा राग आला होता, पण फार वेळ टिकला नाही. तू तिचा धाकटा भाऊ. तुला तिने कडेवर घेऊन शेतावर नेलंय. आता तुझ्यासाठी करण्यासारखं तिच्या हातात फक्त रीतच उरलीय. ती तरी नीट पाळली जावी, एवढंच तिला वाटतं.

पण काकीचं काय, तात्या? काकीला रोज सकाळी डोक्यावरून अंघोळ करावी लागते, आणि ती गार पाण्याने करत होती. तिची बोटं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. संधिवाताने सकाळी कशी आखडतात, मूठ कशी वळत नाही, चोळीचं हूक लावायला तिला आईला कशी हाक मारावी लागते. पाणी तापवायची विजेची कांडी असती तर बादलीत सोडली असती, पण ती मागच्या पावसाळ्यात जळाली आणि नवीन काही सुतकात घरात आणायचं नाही. समोरच्या टॉवरमधल्या सावंतबाई म्हणाल्या, आमच्या गिझरचं पाणी घेऊन जात जा. काकी म्हणाली, स्वतःच्या घरात दुसऱ्याचं पाणी अंगावर घ्यायला ती काय पाहुणी आहे? आणि पुढे तेच वाक्य, जे ती आयुष्यभर म्हणत आली: “थंडी कुठंय एवढी?”

मला वाटतं, त्या वाक्यावरूनच आपलं भांडण होतं. ते अर्धंच राहिलं.

तुझी सकाळ मला पाठ आहे. उल्हासनगरला फर्निचरच्या दुकानाचा टेम्पो चालवायला निघण्याआधी तू बनियनवर अंगणात यायचास, वर बघायचास आणि मोठ्याने विचारायचास, “साईं, आज थंडी हाय का नाय?” दुकानाचे सिंधी शेठ तुला साईं म्हणायचे. ते तू घरी आणलंस आणि आम्हा सगळ्यांना साईं करून टाकलंस, अगदी मांजरालासुद्धा. मग मतं पडायची. आई म्हणायची हाय, कारण तिला लवकर अंघोळ करायची असायची. बाबा म्हणायचे नाय, कारण लाकडं फोडायला त्यांनाच लागायचं. मी अंथरुणातून ओरडायचे, काल होती तेवढीच. तू सगळ्यांचं ऐकून घ्यायचास आणि शेवटी आपलंच करायचास.

लहान असताना मला वाटायचं की तू वाऱ्यावरून ठरवतोस. मग वाटलं, रेडिओवर सांगत असतील. बारावीत असताना एकदा मी अभ्यासाला लवकर उठले होते आणि स्वयंपाकघराच्या दारात बसले होते, तेव्हा मला दिसलं. तू आकाशाकडे बघायचास ते नुसतं नाटक. तू बघायचास काकीच्या कपाकडे. तिने कपाचा कान धरून तो उचलला तर तू मुकाट निघून जायचास. दोन्ही तळव्यांत धरून बसली तर शेंड्या शोधायला लागायचास. ती खोकत असली तर मात्र तू अडायचास. बोटांना गरम पाणी हवं आणि छातीला धूर नको. या दोन गोष्टी एकाच बाईच्या अंगात, आणि त्यांच्यामध्ये तू उभा, हातात काडेपेटी.

कडाक्याच्या थंडीत तुला प्रश्न पडायचा नाही. तेव्हा बंब भसाभसा ओढायचा, धूर सरळ वर जायचा आणि पाणी पटकन कढायचं. अडचण व्हायची ती असल्या ना धड थंड ना धड गरम सकाळी. बाहेरची हवाच कोमट, मग आतल्या गरम हवेला वर जायची घाई नसते. धूर नळीतून निघून अंगणातच रेंगाळायचा, आणि तिथून काकीच्या खिडकीत. तुझा उपाय असा, की मोठं लाकूड टाकायचं आणि खालची राखेची फट विटेने झाकायची. हळूहळू जळेल, दिवसभर ऊब राहील. मी सांगायचे की त्याने आग गुदमरते आणि दुप्पट धूर होतो. बारीक कोरडं लाकूड घे, थोडंच घे, फट उघडी ठेव, झरझर जळू दे आणि विझू दे. तू म्हणायचास, “बाय, आग काय परीक्षा हाय? झरझर संपवायची?”

आणि ते प्लायचं. दुकानातून तू रोज तुकडे आणायचास, सागाच्या कडा, पेट्यांच्या देवदारी पट्ट्या आणि त्यातच प्लायवूड, सनमायका लावलेलं. एस.वाय.ला आम्हाला शिकवलं तेव्हा मी घरी येऊन तुला सांगितलं की त्यातल्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असतं, ते जाळायचं नाही, काकीच्या छातीला तर मुळीच चालणार नाही. तू मला ते नाव दोनदा म्हणायला लावलंस. मग म्हणालास, एवढं लांबलचक नाव असलेली गोष्ट खरवईत कशाला येईल, ती पुण्या-मुंबईलाच थांबेल. सगळे हसले. मीही हसले, पण मला लागलं होतं. मला वाटलं, मी शिकतेय ते या घराच्या अंगणापर्यंत काही पोचणार नाही.

आठवड्याभराने मी मागे कपडे वाळत घालायला गेले तर भिंतीला दोन ढीग. एकीकडे साग आणि देवदार, दुसरीकडे प्लाय, वर गोणपाट टाकलेलं. तू काही बोलला नाहीस. मी पण नाही. नंतर शेठच्या दुकानातला हमाल मला उल्हासनगर स्टेशनबाहेर भेटला आणि म्हणाला, तेरे चाचा आजकल लकडी सूंघ के उठाते हैं, बोलते हैं हमारी बाय सायन्स में है. मी शेअर रिक्षात बसून पुलापर्यंत रडले. रिक्षावाला आरशातून बघत होता, त्याला वाटलं असेल नापास झाले.

हे मी तुला सांगितलं नव्हतं. आता सांगते.

बारीक लाकडाचंही तू ऐकलंसच, पण मान्य केलं नाहीस. त्या वर्षी संक्रांतीच्या आसपास मी बघितलं, वीट बाजूला होती, आत बोटाएवढ्या पट्ट्या जळत होत्या आणि धूर नावापुरता. मी तिथून जाताना तू उगाचच पुटपुटलास की मोठी लाकडं संपलीत. मोठ्या लाकडांची रास तुझ्या मागेच होती.

पण एक गोष्ट तू कधी ऐकली नाहीस. मी म्हणायचे, तात्या, घरातल्या सगळ्यांना विचारतोस, काकीला का नाही विचारत? जिच्यासाठी पेटवतोस तिलाच नाही? तू नेहमी एकच उत्तर द्यायचास: “तिला काय इचारायचा? ती नायच म्हनंल.” आणि ते खरंही होतं. काकीने आयुष्यात कुठल्या गोष्टीला हो म्हटलंय? साडी नको, डॉक्टर नको, थंडी नाही, दुखत नाही. तू तिच्या नाहीला वळसा घालून तिची काळजी घ्यायचास. ते मला तेव्हा आवडायचंही आणि खटकायचंही. मी म्हणायचे, तिने नाही म्हटलं तरी तिला कुणीतरी विचारलं असं होईल ना. तू म्हणायचास, कॉलेजात हेच शिकवतात काय. आपलं शेवटचं बोलणंही तेच. तू ज्या दिवशी गेलास त्याच सकाळी. मग तू टेम्पोकडे गेलास आणि मी कॉलेजला. संध्याकाळी तू ओट्यावर येऊन बसलास, पाणी मागितलंस, आणि पाणी आणेपर्यंत आमच्यात राहिला नाहीस.

आता परवाचं सांगते. त्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

तुला जिथं शेवटचं निजवलं होतं तिथं पीठ पसरून दिवा ठेवलाय. त्याच्यात तेल घालायचं आणि वात पुढे सारायची, हे काम काकीने कुणाच्या हाती दिलं नाही. आई म्हणाली मी करते, मी म्हणाले मी करते, ती नुसती मान हलवायची. परवा सकाळी ती गार पाण्याने अंघोळ करून आली, केस ओलेच होते, आणि दिव्याजवळ बसली. भावकीतल्या दोघीतिघी बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. काकीने वात चिमटीत धरायला बघितली. चिमूट होईना. तिने परत बघितलं. मग वात बोटातून निसटली, तेलात बुडाली आणि दिवा गेला.

  एका बाईने पदर तोंडाला लावला. आत्याचा चेहरा पांढरा पडला. काकी त्या विझलेल्या वातीकडे बघत बसली, हात तसेच पुढे, जणू ते हात तिचे नाहीत, कुणीतरी तिला धरायला दिलेत.

आईने काडी ओढून दिवा परत लावला. आत्या काकीला हळू आवाजात म्हणाली, दिव्याला जपायला नको होतं का सुमन. तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. आणि तेव्हा काकी बोलली. वर न बघता बोलली.

“वन्सं, बोटा मिटत नायत. गार पान्यानं.”

बस, एवढंच. पण तात्या, तुला कळेल ते केवढं होतं. तिला दुखतं हे तिने पहिल्यांदा घरात सगळ्यांसमोर म्हटलं. तू असतास तर तूही चकित झाला असतास.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. का ते मला माहीत आहे. औषधाची चिठ्ठी असो की लाइटबिल, मलाच वाचायला देतात, कारण घरात कॉलेजला गेलेली मी एकटी. आता आत्या म्हणाली, तू शिकलेली हायस, तूच सांग, पाण्याचं काय करायचं. मला माहीत नव्हतं, तात्या. रीत काय असते ते आत्याला माहीत, बोटांना काय होतं ते काकीला माहीत. मला फक्त एवढंच वाटलं, की तुझ्या दिव्यासाठी जी आग चालते ती तिच्या बोटांसाठी का चालू नये. पण हे असं तोंडावर म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी चाचरत वेगळंच काहीतरी विचारलं. म्हटलं, आत्या, घरात चूल का पेटवत नाहीत?

आत्या म्हणाली, घरातला माणूस गेला, घरात शिजवायचं कसं? घास उतरतो का? म्हणून दुसऱ्यांनी आणायचं.

म्हटलं, म्हणजे ते शिजवण्याचं आहे.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग दाराशी बसलेल्या बाबांकडे वळली, जणू मी नाही, त्यांनीच तिला अडवलं होतं. “बंबावर कवा कुनी भाकरी भाजलीय?”

बाबा म्हणाले, नाही भाजली.

“भात रांधलाय?”

“नाय गो.”

“मंग ती चूल कशी?” आत्या म्हणाली. “उगाच कायबाय बोलता सगली.”

पहिल्या सकाळी आग ती आग म्हणणारी तीच होती. बाबांनी मान खाली घातली. मला कळलं, ते हसू लपवतायत. तू गेल्यापासून पहिल्यांदा. भिंतीशी बसलेली एक म्हातारी म्हणाली, आमच्याकडे पण बंब चुलीत धरत नाहीत. मला नाही वाटत तिच्याकडे कधी बंब होता. पण तिचे फार उपकार झाले.

मी मागे गेले. बंब मी कधीच पेटवला नव्हता. कसा पेटवायचा ते फक्त सांगत आले होते. नारळाची शेंडी घातली, वर देवदारी पट्ट्या, बोटाएवढ्या, चार-पाच. वीट बाजूला केली. हवा तीच, कोमट, थांबलेली. पहिला धूर अंगणात पसरला आणि मी घाबरून सावंतबाईंच्या गॅलरीकडे बघितलं. तुझ्या वेळी त्या खिडक्या आपटायच्या, सोसायटीच्या ग्रुपवर फोटोही टाकला होता आणि तू म्हणाला होतास, बंबाचा फोटो छान आलाय म्हणून सांग त्यांना. परवा त्या गॅलरीत आल्या, बघितलं आणि दोरीवरचे कपडे गुपचूप आत नेले. तेवढ्यात आगीने जोर धरला आणि धूर विरळ झाला.

आत्या मागे येऊन उभी राहिली. तिने आत डोकावून बघितलं आणि म्हणाली, एवढ्याशा आगीने पाणी तापतंय होय? म्हटलं, एका माणसाचं तापतं. मी ते सहज म्हटलं होतं. तू पाचजणांचं तापवायचास. आत्या खाली बसली आणि तोटीखाली बादली सरकवली. मग तिनेच काकीला हात धरून मोरीत नेलं, दार लोटलं, आणि आतून बराच वेळ तांब्याचा आवाज येत राहिला. काकीची पाठ ती घासून देत असणार.  तुझी एक बहीण आणि तुझी बायको, तात्या. तुझ्यामुळेच एकमेकींच्या, आणि आता तुझ्याशिवाय.

त्यानंतर काकीने वात स्वतः सारली. चिमटीत धरून, सावकाश. कुणी तिच्याकडे बघत नाही असं सगळ्यांनी दाखवलं.

तुझे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. तू असताना तर हे बोलणं मूर्खपणाचंच वाटलं असतं. तुला पोर नाही असं लोक म्हणायचे तेव्हा तू माझ्याकडे बोट दाखवून, हा काय टॉवर उभा केलाय, म्हणायचास. मला वाटतं, तू मला शिकायला पाठवलंस आणि मग माझ्याकडून थोडंथोडं शिकत राहिलास, कबूल न करता. तेवढं मोठेपण फार कमी लोकांत असतं. पण तू बरोबरच होतास असंही मी म्हणणार नाही. काकीच्या बाबतीत नाही. तुझ्यासारखं न विचारता ओळखणं मला जमणार नाही. आणि जमलं तरी, तुझं ओळखणं तुझ्याबरोबर गेलं तसं माझंही माझ्याबरोबर जाईल, आणि मग तिला स्वतःहून मागता येणार नाही. यावरून मला तुझ्याशी भांडायचं होतं. तू ऐकून घेऊन वीट बाजूला केली असतीस.

आज सकाळी परत तशीच हवा होती. मी अंगणात जाऊन आले. डोंगराकडून वारा नव्हता, बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर पारवे फुगून बसले नव्हते, म्हणजे थंडी नसावी. पण ओट्याची फरशी पायाला लागत होती. मी काही ठरवलं नाही. काकी आत चटईवर बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं.

“काकी, आज बंब पेटवू का?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता तू म्हणायचास तेच होणार, थंडी कुठंय. पण तसं झालं नाही. तिने हात मांडीवर उलटे ठेवले, एकेक बोट मिटून उघडून बघितलं. कुणी विचारलेलं नसायचं, म्हणून तिला उत्तराला वेळ लागत होता. मी थांबले.

“आज नको,” ती म्हणाली. “आज छाती भरलीय, बोटा बरी हायत.” मग मी उठायला लागले तेव्हा म्हणाली, “उद्या परत इचार.”